कॉग्निटिव्ह म्हणजे संज्ञान, बोध, आकलन की नुसती ओळख?

कुळागर:
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका शाळेच्या पालक मेळाव्यासाठी सोळा पानांची पुस्तिका मराठीत आणायचे काम माझ्याकडे आले आहे. विषय असा: कॉग्निटिव्ह टेक्नॉलॉजी, म्हणजे ओळखणे, वाचणे, अंदाज बांधणे अशी माणसाच्या डोक्याची कामे यंत्राकडून करून घेणारे तंत्र, उद्योगात, विज्ञानात आणि शिक्षणात कशी वापरतात. पहिल्याच पानावर अडले आहे. यंत्राकडून भाषांतर करून पाहिले तर ‘संज्ञानात्मक प्रौद्योगिकी’ असे आले. प्रौद्योगिकी ही सरळसरळ हिंदी, ती खोडून तंत्रज्ञान लिहिले. पण संज्ञानात्मक खोडून काय लिहू?

वाचणार कोण, तर बागायतदार आहेत, बोटीवर जाणारे आहेत, पणजीला बँकेत नोकरी करणारे आहेत. घरी मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “संज्ञा म्हणजे शुद्ध ना गो? बेशुद्ध पडलेल्याला संज्ञाहीन म्हणतात.” बरोबरच आहे त्यांचे. शिवाय व्याकरणाच्या तासाला आपण संज्ञा म्हणजे एखाद्या गोष्टीला दिलेले नाव असे शिकलो, आणि हिंदीत तर नामालाच संज्ञा म्हणतात. एका शब्दावर इतकी ओझी आधीच आहेत. माझ्या वहीत आत्ता संज्ञान, बोध, आकलन, प्रज्ञा एवढे पर्याय आहेत. तुम्ही काय लिहिता?

पाटीपेन्सिल:
बाई, शिक्षणशास्त्रात हा शब्द मुळीच नवा नाही. आम्ही बी.एड.ला ब्लूम शिकलो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची जी मांडणी केली, तिच्यातले कॉग्निटिव्ह म्हणजे बोधात्मक क्षेत्र. त्याच्या जोडीला भावात्मक आणि क्रियात्मक. प्रश्नपत्रिका काढताना संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करायचा आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे गुण वाटायचे, हे तीस वर्षे केले आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही ‘बोधनिक प्रक्रिया’ हा शब्द रुळलेला आहे. तयार शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा? ‘बोधात्मक तंत्रज्ञान’ लिहा.

कुळागर:
सर, शिक्षकांसाठी लिहायचे असते तर लगेच घेतला असता. पण शाळेबाहेर बोध म्हटले की बोधकथा आठवते. “या गोष्टीवरून तुम्ही काय बोध घ्याल?” हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलेला आहे. बोधात्मक यंत्र म्हटले तर ते उपदेश करणारे यंत्र वाटेल. आकलन त्या मानाने स्वच्छ वाटते.

पाटीपेन्सिल:
बोधाचे मान्य. पण आकलन यंत्राला द्यायला माझा हात धजत नाही. चौथीतला एक मुलगा सांगतो. साताचा पाढा घडाघडा म्हणायचा, मध्ये कुठेही थांबवून पुन्हा सुरू करा, अडायचा नाही. एकदा विचारले, सात टोपल्या आहेत, प्रत्येकीत सात नारळ, तर एकूण नारळ किती? तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग अंगणात खरेच नारळ मांडले. तिसऱ्या टोपलीला तो थांबला, ओठ हलले आणि ओरडला, “मास्तर, हा तर पाढाच!” त्या क्षणाला मी आकलन म्हणतो. उत्तर त्याला आधीही येत होते.

आणखी एक. हिंदीत आकलन म्हणजे अंदाज, मूल्यमापन. यंत्राने केलेल्या मराठीत हल्ली ‘नुकसानीचे आकलन’ असे दिसते, म्हणजे नुकसानीचा अंदाज. हा घोळ तुमच्या पुस्तिकेत शिरू देऊ नका.

सांजअंक:
मी वृत्तपत्रात बातम्या लिहितो, म्हणून एक बाजूची वाट दाखवतो. कॉग्निटिव्हचा सख्खा भाऊ कॉग्निझेबल. त्याला मराठीत दखलपात्र गुन्हा म्हणतात, हिंदीत संज्ञेय अपराध. हिंदीत न्यायालय ‘संज्ञान लेते’, मराठीत न्यायालय दखल घेते. दखल शब्द अरबी-फारसीतून आला आणि पोलिस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत असा मुरला की कुणाला परका वाटत नाही. आता मात्र ‘न्यायालयाने स्वतःहून संज्ञान घेतले’ अशा बातम्या मराठीत यायला लागल्या आहेत. माझ्या हाती पडल्या की मी त्या दुरुस्त करतो.

उद्योगातल्या कॉग्निटिव्हबद्दल सांगायचे तर हा शब्द तिथे जोरात पसरवला तो आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने. त्यांच्या वॉटसन या यंत्रणेने २०११ साली अमेरिकेतल्या जेपर्डी या प्रश्नमंजूषेत दोन नामवंत विजेत्यांना हरवले आणि त्यानंतर कॉग्निटिव्ह कम्प्युटिंग हे नाव सगळीकडे झाले. वैद्यकातही वॉटसन क्रांती करील अशी मोठी आशा होती. २०२२ मध्ये कंपनीने वॉटसनच्या आरोग्य विभागाची माहिती-मालमत्ता विकायला काढली. शब्दाने दिलेले वचन आणि यंत्राचे काम यांत अंतर पडले की असे होते. म्हणून शब्द निवडताना जपायला हवे.

तिपिटक:
आधी संज्ञानाची बाजू घेतो, कारण शब्द म्हणून तो फार सुंदर आहे. लॅटिन कॉग्नोस्केरेमध्ये सुरुवातीचा भाग ‘एकत्र’ या अर्थाचा आणि पुढचा ‘ग्नो’ म्हणजे जाणणे. संस्कृतात सम् आणि ज्ञा. इंग्रजीतले ‘नो’, ग्रीक ग्नोसिस, आपले ज्ञान, कोकणीतले गिन्यान, सगळे एकाच धातूचे वंशज. आमचे आजोबा पोर्तुगीज शिकलेले होते. ते ओळखीपाळखीला आणि ज्ञानाला एकच शब्द वापरत: कुन्येसिमेंतु. तोही त्याच लॅटिन क्रियापदातून आलेला. म्हणजे ज्याने संज्ञान हा प्रतिशब्द घडवला त्याने हाडाला हाड जुळवले आहे. पण हाड जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही, हे कुळागर यांच्या सासूबाईंनी दाखवून दिलेच.

आता मला खरे सांगायचे आहे ते. आपल्या गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, पाली भाषेचे मोठे पंडित. बुद्धघोष या बौद्ध आचार्याचा विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ त्यांनी देवनागरीत संपादित केला. पाचव्या शतकातल्या त्या ग्रंथात सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा, म्हणजे संस्कृतातल्या संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा, यांतला फरक एका दृष्टान्ताने सांगितला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे. तिघे जण ती बघतात. लहान मुलाला दिसते की ही रंगीबेरंगी आहेत, लांबट, चौकोनी, गोल आहेत. गावकऱ्याला तेही दिसते आणि ही माणसाच्या उपयोगाची, मोलाची वस्तू आहे हेही कळते. सराफाला या दोन्ही गोष्टी कळतातच. शिवाय हे नाणे खरे, हे खोटे, हे निम्म्या किमतीचे, हेही तो सांगतो. नाणे पाहून, वाजवून, हुंगून, जिभेला लावून, तळहातावर तोलून. कोणत्या गावात, कोणत्या नदीच्या काठी, कोणत्या कारागिराने पाडले तेसुद्धा.

मूल म्हणजे संज्ञा, गावकरी म्हणजे विज्ञान, सराफ म्हणजे प्रज्ञा. विज्ञान शब्दाचा आजचा अर्थ इथे बाजूला ठेवा. मराठीत मी या तिघांना ओळख, समज आणि पारख म्हणेन. आजची यंत्रे बहुतेक ठिकाणी त्या मुलाच्या जागी आहेत. मात्र हे मूल एका दिवसात कोटभर नाणी बघते आणि दमत नाही. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्याला प्रज्ञा म्हणू नये.

काजूगर:
तिपिटकदादा, हुंगून वाचले आणि राहवले नाही. मी वाळपईकडे एका काजू कारखान्याचे हिशेब बघतो. आमच्याकडे गर निवडायला कॅमेऱ्याचे यंत्र आले आहे. पट्ट्यावरून गर धावतात, कॅमेरा रंग आणि आकार टिपतो आणि डागाळलेला गर आला की हवेचा झोत त्याला बाजूच्या खोक्यात उडवतो. गरांच्या प्रती अशा: डब्ल्यू १८० हा जाडा, डब्ल्यू ३२० हा नेहमीचा. ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे पांढरे गर. पूर्वी पंधरा बायका दिवसभर बसायच्या, त्याहून जास्त माल हे यंत्र दुपारपर्यंत काढते.

तरी शेवटच्या टेबलावर चौघी बसतातच. का, तर खवट गर. दिसायला पांढराशुभ्र, अख्खा, डाग नाही. यंत्र त्याला सरळ पहिल्या प्रतीत टाकते. त्यांतली सगळ्यात जुनी बाई ओंजळ भरून नाकाशी नेते, दोन बोटांनी एक गर काढते आणि म्हणते, हा. फोडून चाखला की तोंड वाकडे होते.

दुसरी गोष्ट कचेरीतली. बागायतदारांच्या हातच्या चिठ्ठ्यांचा फोटो काढला की हिशेबाची प्रणाली त्या वाचून आपोआप नोंद करते. एके दिवशी एकाच माणसाच्या नावावर ९२ गोणी दिसल्या. त्याची बाग एवढीशी, मी स्वतः पाहिलेली. चिठ्ठी काढली तर त्याने मराठीत ‘१२’ लिहिले होते. आपला एक इंग्रजी नवासारखाच दिसतो ना! प्रणालीने अक्षर ओळखले, पण एवढ्या बागेत ९२ गोणी होतील कशा, हा प्रश्न तिला पडला नाही. तो आमच्या कॅशियरबाईला पडला. तेव्हा माझे मत असे की वाचते म्हणा, ओळखते म्हणा, समजते म्हणू नका.

खाजन:
विज्ञानाच्या बाजूने मी लिहिते. मी समुद्राच्या पाण्यातले प्लवक बघते, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचे, मान आखडायची. आता कॅमेरा हजारो चित्रे घेतो आणि यंत्र त्यांची गटवारी करते. पण त्याआधी आमच्यासारख्यांनी हजारो चित्रांवर नावे लिहून द्यावी लागतात, हा कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातला बारीक जीव), ही अळी, हा नुसता कचरा. ज्या जिवाचे चित्र त्याला कधी दाखवलेच नाही तोही ते कुठल्यातरी ओळखीच्या गटात बसवून टाकते. “हा कोण?” असे थबकणे त्याला वेगळे शिकवावे लागते. आम्ही आपसात याला ‘छाननी’ म्हणतो, संज्ञान कुणी म्हणत नाही.

तरीही तिपिटक यांच्या दृष्टान्तात थोडी भर घालते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांना प्रथिनांच्या रचना नव्याने घडवण्यासाठी आणि डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना प्रथिनाची घडी कशी पडेल, म्हणजे त्याचा आकार कसा होईल, ते यंत्राकडून सांगून घेतल्याबद्दल मिळाले. या दोघांच्या अल्फाफोल्ड या प्रणालीने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या घड्या मांडून दिल्या आहेत. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी एकेका प्रथिनाची रचना काढताना महिनोन्महिने, कधी वर्षे जात. या कामाला लहान मुलाची ओळख म्हणणे अन्यायाचे होईल. पण इथेही नेमके क्रियापद मराठीत तयार आहे: भाकीत करणे. भाकीत पडताळायचे असते, हे आपल्याकडे पावसाच्या भाकितामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पालकांना तो शब्द सांगितला की यंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही एका दमात कळतात.

पाटीपेन्सिल:
खाजनबाईंचे पटले. सगळा घोळ मुळात कुठून आला ते सांगतो. ज्या १९५६ मध्ये ब्लूम आला, त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा माणसाला एका वेळी सातेक गोष्टीच ध्यानात धरता येतात हा गाजलेला निबंध आला, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली कार्यशाळा भरली. एकीकडे मन हे माहितीवर काम करणारे यंत्र समजून त्याचा अभ्यास सुरू झाला, दुसरीकडे यंत्राला मनासारखे करायचा. शब्द दोघांनी वाटून घेतला. म्हणून इंग्रजीत एकच विशेषण मुलाच्या डोक्यालाही लागते आणि गर निवडणाऱ्या कॅमेऱ्यालाही. आपण तो गोंधळ जसाच्या तसा का उचलायचा?

शाळेत याने फरक पडतो. वाचनाचे ॲप मूल कुठे अडले ते टिपते आणि पुढचा उतारा सोपा देते. चांगली सोय आहे, मी वापरलेली आहे. पण अहवालात ‘ॲपने केलेले आकलन’ असे लिहिले तर पालक समजतील की मुलाला कळले. टिपणे ॲपचे, कळणे मुलाचे.

कुळागर:
मंडळी, खूप मदत झाली. असे ठरवले आहे. मुखपृष्ठावर ‘कॉग्निटिव्ह तंत्रज्ञान’ एकदाच येईल, कारण मुले कॉलेजात तोच शब्द ऐकणार आहेत. त्याखाली मोठ्या अक्षरात ‘ओळखणारी, वाचणारी, भाकीत करणारी यंत्रे’. आत बोध आणि आकलन फक्त मुलांच्या बाबतीत.

दोन वाक्ये दाखवते. आधी होते, ‘संज्ञानात्मक प्रणाली देयकांचे आकलन करून निर्णयप्रक्रिया सुलभ करते.’ आता केले, ‘हे यंत्र बिलाचा फोटो वाचून आकडे वहीत भरते, आकडा पटतो का ते माणूस बघतो.’ शिक्षणाचे वाक्य होते, ‘विद्यार्थ्याच्या संज्ञानात्मक स्तरानुसार आशय अनुकूलित केला जातो.’ आता, ‘मूल कुठे अडते ते ॲप टिपते आणि पुढचा प्रश्न तसा निवडते.’ सासूबाईंना वाचून दाखवले, कुठेही थांबल्या नाहीत.

काजूगरभाऊ, एक विचारते. तुमच्या त्या चौघी कॅमेऱ्याच्या यंत्राला काय म्हणतात? पुस्तिकेत चित्राखाली तोच शब्द घालावा म्हणते.

काजूगर:
मुद्दाम विचारून आलो. यंत्रावर इंग्रजीत मोठे नाव लिहिलेले आहे, ते कुणी घेत नाही. चौघीही त्याला चाळण म्हणतात.

कुळागर:
चाळण घेतला. सातव्या पानावर.