नाक्यावरची बेकरी बंद झाली तेव्हा : तुमचे अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तसल्याच स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हापासून 'बेकऱ्या बंद पडणार' ही बातमी अधूनमधून दिसते. आमच्या लालबागची बेकरी मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद झाली आणि तिचा धुराशी काही संबंध नव्हता. चाळ पुनर्विकासाला गेली. बेकरीवाले पागडीचे भाडेकरू, त्यांना नव्या इमारतीत गाळा मिळणार होता. पण टॉवरखाली भट्टी आणि चिमणी कोण बांधू देणार? त्यांनी पैसे घेतले आणि गेले. आता तिथे मोबाईलची काचपेटी आहे.

तुमच्या भागातली अशी बेकरी आठवत असेल तर लिहा. 'गेले ते दिवस' एवढंच नको. काय मिळायचं, कोण काम करायचं, बंद का झाली, आणि त्यानंतर तुमच्या घरात नेमकं काय बदललं, ते सांगा. तक्रारी असतील तर त्याही येऊ द्या, सगळंच गोड असेल यावर माझा विश्वास नाही.

सातारा

आमच्याकडे बेकरी म्हणजे पाव नव्हे, बिस्किटं. मेची सुट्टी लागली की घरचं सामान घेऊन बिस्किटं करून आणायची. कणीक, मैदा, पिठीसाखर, डालडा, ऐपतीप्रमाणे थोडं तूप, दूध, वेलची. शिवाय तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, घासूनपुसून उन्हात वाळवलेला. बेकरीत मजुरी किलोवर. सोडा वगैरे त्यांचा.

आजी माझ्याबरोबर धाकट्या काकाला पाठवायची आणि बजावायची, "आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना, डोळ्यांनी बघ. मान वळवू नकोस." त्यामुळे आम्ही मैद्याच्या पोत्यावर बसून पहारा द्यायचो. आमच्यासारखेच आणखी चारपाच पहारेकरी असायचे, प्रत्येकाची नजर आपापल्या परातीवर. कारागिराला हे सगळं ठाऊक. तो मुद्दाम डालड्याचा गोळा हवेत उंच धरून सगळ्यांना दाखवायचा आणि मगच पिठात टाकायचा.

हाताने फिरवायच्या यंत्रातून नक्षीच्या लांब पट्ट्या निघायच्या, त्या कापून पत्र्यावर मांडायच्या. नानकटाई मात्र हातावरच वळायची. पत्रा भट्टीतून बाहेर आला की मोडकी बिस्किटं आमची. गरम बिस्किट मऊ असतं, गार झाल्यावरच खुसखुशीत होतं, पण तेवढा धीर कोणाला! डबा घरी आला की आजीच्या पलंगाखाली जायचा आणि शाळा सुरू होईपर्यंत पुरवायची जबाबदारी तिची.

बेकरी बंद झाली त्याचं कारण अगदी साधं. लोक सामान घेऊन यायचे थांबले. आम्हीही थांबलो होतो. पुड्यातली बिस्किटं स्वस्त, आणि दुपारभर पोत्यावर बसायला घरात मूल मोकळं नाही. आईने मध्यंतरी घरच्या छोट्या ओव्हनमध्ये करून बघितली. चव तीच आली, पण एका खेपेला ताटलीभरच होतात. डबा भरायचा म्हटलं तर दिवस जाईल. आता पाहुणे आले की पुडा फोडतो. मुलांना अजूनही कोणी विचारलं की 'बेकरीत काय करायचे', तर ती 'केक' म्हणतात.

भायखळा

वरचं वाचलं, छान आहे. मी काउंटरच्या पलीकडचा. बेकरी आमची होती, आजोबांनी घेतलेली.

लोकांना वाटतं भट्टी म्हणजे मोठी चूल. तसं नसतं. लाकूड भट्टीच्या आतच जाळायचं, विटा तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा. मग चिमूटभर मैदा आत टाकून बघायचं. लगेच करपला तर थांबायचं, हळूहळू तांबूस झाला तर पाव घालायचा. थर्मामीटर कोणीच बघत नसे. पहिल्या कडक आचेवर ब्रुन, म्हणजे कडक पापडीचा पाव, आणि लादी पाव, आच उतरली की खारी आणि बिस्किटं, आणि शेवटी रात्रभर नुसत्या ऊबेवर टोस्ट वाळत पडायचे. एकदा पेटवलेली आच शेवटपर्यंत वापरायची, त्यातच धंदा होता. न खपलेला ब्रेडसुद्धा कापून टोस्ट व्हायचा. गिऱ्हाईक ताजा टोस्ट मागायचं तेव्हा अब्बा मान डोलवायचे, हसायचे नाहीत.

भट्टी पूर्ण गार होऊ द्यायची नाही, असा नियम होता. गार विटा पुन्हा नीट तापायला कित्येक दिवस लागतात, तोवर माल एका बाजूने कच्चा, दुसऱ्या बाजूने काळा. ईदलाही एक माणूस मागे राहायचा. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्यांना परवानगी होती, पण कारागीर उत्तर प्रदेशातले, गाड्या सुटल्या तसे गावी गेले. तेव्हा भट्टी विझली. निम्मे परत आलेच नाहीत.

पैशाचं सांगतो. मैदा वाढतो, लाकूड वाढतं, पण पाव एका रुपयाने वाढवला की पहिला वडापाववाला भांडायला येतो, कारण त्याचं गिऱ्हाईक त्याच्याशी भांडतं. घाऊक पावात सुटायचं थोडंच, ते केकमध्ये भरून काढायचं. समोर काचेची केकशॉप झाल्यावर तेही गेलं. मी आणि भाऊ दोघेही नोकरीला. अब्बांनी 'तुम्ही या' असं कधी म्हटलं नाही. रात्री दोनला उठायचं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

गिरगाव

माफ करा, पण मला आमची बेकरी बंद झाल्याचा आनंद झाला होता. आम्ही भट्टीच्या बरोब्बर वर राहायचो. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उभं राहता येत नसे. गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी. सरपण म्हणून मोडकं फर्निचर जाळायचे, त्यावरचा रंग-पॉलिशही त्याबरोबर जळायचं, तो वास निराळाच. आईचा दमा याच धुराने वाढला असं डॉक्टर म्हणत. पालिकेत तक्रार केली की चार दिवस बरे जायचे. झुरळांबद्दल लिहीत नाही.

सकाळच्या पावाचा वास सगळ्यांना आवडतो, हे कबूल. तो वास रस्त्यावरून जाणाऱ्याला येतो. घरात राहणाऱ्याला धूर येतो.

डोंबिवली

आमच्याकडे सायकलवर निळ्या प्लास्टिकखाली पाव यायचा, पहाटे. भोंगा ऐकला की बाबा बनियनवरच खाली. 'अर्धी लादी' एवढाच संवाद. बेकरी कुठे होती ते आम्हाला कधी कळलंच नाही. एका आठवड्यात भोंगा यायचा बंद झाला.

वसई

इथे नाताळच्या आधी केकचं मिश्रण घरी फेटून भांड्यासकट बेकरीत न्यायचं. घराघरांत ओव्हन नव्हते तेव्हाची गोष्ट. कोणाचं भांडं कोणतं हे कळावं म्हणून कडेला खूण करायची, तरी अदलाबदल व्हायचीच, आणि मग शेजारणीच्या केकमध्ये काय काय पडलंय हे आपोआप कळायचं. त्यावरून पुढे इस्टरपर्यंत बोलणं चालायचं. आता प्रत्येकीकडे ओव्हन आहे आणि कोणाच्या केकमध्ये काय आहे ते कोणालाच माहीत नाही. बेकरीची जागा विकली गेली, मुलगा परदेशात आहे.

पुणे, कॅम्प

मला थोडं तिरकस लिहायचंय. नावाजलेल्या बेकरीचं काहीही झालं की गाजतं. ग्रँट रोडचं १९१४ सालचं 'मेरवान' २०१४ मध्ये बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मावा केकसाठी लोकांनी गर्दी केली, आणि पुढे ते पुन्हा उघडलंही. आमच्या इथली 'कयानी' १९५५ ची, श्रुसबेरी बिस्किटांसाठी लोक बाहेरगावाहून येतात आणि दुपारी दार बंद असलं तरी बाहेर थांबतात. त्यांच्याबद्दल मला प्रेमच आहे.

पण माझ्या गल्लीतल्या बेकरीला पाटीसुद्धा धड नव्हती. बिनसाखरेचे कडक बटर फक्त तिथे मिळायचे, आजोबा चहात बुडवून खायचे, दात नव्हते म्हणून. ती बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी कोणी आलं नाही, कारण शेवटचा दिवस आहे हे मालकालाच ठाऊक नव्हतं. कारागीर गावी गेला तो आला नाही, एवढंच. शटरवर कागदही लावला नाही. आजोबांना आम्ही पुढे दुसरीकडचे बटर देत राहिलो. ते चहा पिऊन बशी बाजूला सारायचे.

माहीम

आमच्या बेकरीने गॅस घेतला, बंद केली नाही. खर्च बराच आला म्हणतात, पुढची खोली भाड्याने द्यावी लागली. ब्रुनची पापडी पूर्वीसारखी कडक होत नाही असं वडिलांचं मत. आईला फरक कळत नाही. एका रविवारी मी दोघांचे डोळे झाकून त्यांना लाकडाच्या भट्टीचा एक आणि गॅसचा एक असा खायला दिला. वडिलांनी गॅसचा ओळखला 'लाकडाचा' म्हणून आणि त्यानंतर हा विषय घरात निघत नाही.

गिरगावच्या ताईंना सांगायचं होतं, धूर खरंच गेलाय.

लालबाग, पुन्हा मीच

गिरगावचं लिहिलं ते बरं झालं, ती बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. भायखळ्याचे टोस्ट वाचून आता घरात टोस्ट खायचा की नाही यावर चर्चा चालू आहे.

साताऱ्यासारखं घरचं सामान घेऊन बिस्किटं करून देणारी बेकरी कुठे चालू असेल तर गाव, मजुरी किलोवर आहे की डब्यावर, आणि आधी नंबर लावावा लागतो का, एवढं लिहा. दिवाळीच्या आधी हवंय. पहाऱ्याला बसायला माझी मुलगी तयार आहे, मोडक्या बिस्किटांच्या अटीवर.