पावसात ब्लोअर बंद पडला? तुमचे अनुभव लिहा

कोकणात गाडीचा हीटर लागतो कोणाला, असं म्हणाल. पण हीटर असो, एसी असो की काचेवरची वाफ घालवायची असो, हवा ढकलणारा पंखा एकच. ऐन आषाढात, आंबा घाटात तो गप्प झाला की पुढची काच दुधाळ होते आणि एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने फडका अशी कसरत सुरू होते.

आमचा पंखा एक, दोन, तीनवर ढिम्म आणि चारवर सुसाट. सर्व्हिस सेंटरने मोटरच बदला म्हणून सांगितलं. ओळखीच्या वायरमनने नुसता रेझिस्टन्स (पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) बदलला, हजाराच्या आत काम झालं. चौथ्या वेगाला करंट रेझिस्टन्समधून न जाता थेट मोटरला मिळतो. म्हणजे चारवर नीट फिरतोय तर मोटरला हात लावायचं कारण नाही. तुमच्याकडे लक्षण काय होतं आणि दोष निघाला कुठे, ते लिहा.

रत्नागिरी
आमचा रेझिस्टन्स बदलला आणि थोड्याच दिवसांत परत गेला. दोष निघाला केबिन फिल्टरात, लाल मातीने बुजला होता. रेझिस्टन्स हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, त्याच हवेने तो थंड राहतो. हवाच नाही तर जळणारच. नवीन टाकणाऱ्याने आधी फिल्टर बघावा.

गुहागर
किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सावलीला गाडी लावायची सवय. त्या बारीक काड्या वायपरखालच्या जाळीत जातात आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी उतरतं ब्लोअरात. डावीकडचं कार्पेट ओलं का, हे आम्ही दार-रबर बदलून बघत बसलो होतो! शेवटी ब्लोअर किंचाळायला लागला तेव्हा मोटर उतरवली, बुश गंजलेले. मोटर नवीनच घ्यावी लागली. आता पावसाआधी जाळी साफ करतो.

मालवण
आमच्या गाडयेत उंदरान बिऱ्हाड केल्यान. सोडणाचे (नारळाच्या सालीचे) धागे, पेपराचे तुकडे, सगळा पंख्यात. चालू केला की खडखड आणि वास असो की नाक धरूक होया. ग्लोव्ह बॉक्स काढून हातानच साफ केलंय. हातमोजे आणि मास्क लावा हां, उंदराच्या मुताक हात लागलो तर लेप्टोचो धोको आसता.

सावंतवाडी (गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो)
वरचे सगळे बरोबर आहेत, पण आपल्या पट्ट्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे प्लग. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, सांधा तापतो, प्लास्टिक वितळतं. रेझिस्टन्स नवा घालून जुना भाजलेला कपलर तसाच ठेवला तर पैसे पाण्यात. नवा कपलर जाड वायरीसकट टाका.

तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच गाड्यांत स्विच अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या वायरीच्या) बाजूला असतो. तिथे टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून मोटरच्या वायरीला टोचलं की पंखा बंद असला तरी दिवा लागतो आणि माणूस म्हणतो, सप्लाय आहे, मोटर मेली. मल्टिमीटर मोटरच्या दोन पिनांमध्ये लावा, कपलर जोडलेला असताना. चारवर बारा व्होल्टच्या आसपास दिसतात आणि तरी फिरत नाही, तरच मोटर. तिथे काहीच नाही तर फ्यूज, रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच), स्विच, अर्थ या क्रमाने मागे जायचं. अर्थचा बोल्ट गंजला असेल तर घासून, व्हॅसलीन लावून परत आवळा. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका. आधी वायर जळेल, मग डॅशबोर्ड.

देवगड
आमचा पंखा मोटरवर टपली मारली की सुरू व्हायचा. बायको उजवीकडे गाडी चालवतेय आणि मी पायाशी वाकून टपल्या मारतोय, असं फोंडा घाट उतरलो.

सावंतवाडी
@देवगड, मोटरमधले कार्बन (ब्रश) संपलेत हो. टपलीने थोडे दिवस काढाल, पण मोटर बघून ठेवा.

दापोली
आमच्यात ऑटोमॅटिक एसी आहे. पंखा किल्ली काढली तरी सुरूच राहतो! बॅटरी उतरते. हाही रेझिस्टन्सच का?

सावंतवाडी
त्यात साधा रेझिस्टन्स नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते आतून शॉर्ट झालं की असं होतं. रिले चिकटला असेल तरी होईल, म्हणून आधी रिले काढून बघा, तो स्वस्त आहे. तोवर रात्री ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा.

दापोली
रिले काढला, पंखा थांबला. बाजूचा त्याच नंबरचा रिले टाकला, तर किल्ली काढल्यावर बंद होतोय.

सावंतवाडी
मग झालं. नवीन रिले घ्या आणि बाजूचा परत त्याच्या जागी लावा, नाहीतर उद्या हॉर्न वाजत नाही म्हणून इथे नवा धागा काढाल.