"या खडकावर" म्हणजे कोणावर? पोपचा अधिकार वचनातून निघतो का?

खानापूरची लेक:
माझं माहेर कॅथोलिक, सासर बेळगाव कॅम्पातलं मेथडिस्ट. रविवारी जेवताना मामंजींनी बायबलातलं मत्तय १६:१८ काढलं. तिथे येशू आपल्या शिष्याला म्हणतो, "तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन." "यात पोप कुठं आहे दाखव." तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते.

मामंजी म्हणतात, ग्रीकमध्ये 'पेत्रोस' म्हणजे दगड आणि 'पेत्रा' म्हणजे खडक. म्हणून खडक पेत्र नव्हे, तर 'तू ख्रिस्त आहेस' ही त्याने दिलेली कबुली. पण येशू बोलायचा अरामी. योहान १:४२ मध्ये त्याने पेत्राला ठेवलेलं नाव आहे केफा, म्हणजे खडक, आणि अरामीत दोन्हीकडे केफाच येतो. 'पेत्रा' स्त्रीलिंगी, ते पुरुषाला कसं ठेवणार?

मग किल्ल्या. पुढच्याच वचनात येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या आणि बांधण्या-सोडण्याचा अधिकार देतो. यशया २२ मध्ये शेबना हा राजवाड्याचा कारभारी. त्याला काढून दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमच्या खांद्यावर देतात. माणूस बदलला, पद राहिलं. पोप म्हणजे पेत्राचे वारस; आमच्या घरी ज्यांना पाप सायब म्हणतात त्या पोपचं पद मला तिथेच दिसतं.

कॅम्पातला एक मेथडिस्ट:
ताई, केफाचं मान्य. खडक पेत्रच, हे ऑस्कर कुलमान यांच्यासारखे प्रॉटेस्टंट अभ्यासकही मानतात. पण पेत्रानंतर कोण, हे त्या वचनात नाही. रोमही नाही. बांधण्या-सोडण्याचा अधिकार मत्तय १८:१८ मध्ये सगळ्या शिष्यांना मिळतो. पेत्र स्वतःला 'सोबतीचा वडील' म्हणवतो. आणि गलतीकर २:११ बघा, पौलाने त्याला तोंडावर विरोध केला.

बिशप आमच्यातही आहेत, अधिकाराचं आम्हाला वावडं नाही. पण एका माणसाची, म्हणजे पोपची, शिकवण चुकूच शकत नाही हे १८७० साली ठरलं, तेही ठराविक अटींवर. प्रेषितांनी ते लिहून ठेवलं असतं तर वाद कशाला झाला असता?

खानापूरची लेक:
दादा, पौलाने विरोध केला तो अंत्युखियात, पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला म्हणून. पंगत मोडणं काय असतं हे आपल्या गावांत कुणाला सांगायला नको. पौल रागावला ते बरोबरच. पण ती वागण्याची चूक होती, शिकवणीची नव्हे. आणि सगळं लिहिलेलंच असावं हा नियम तरी कुठं लिहिलाय? २ थेस्सलनीकाकर २:१५ तोंडी शिकवणही धरून ठेवायला सांगतं.

निपाणीहून:
पहिला मान वेगळा, हुकूम वेगळा. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या पेत्राला पहिला मान देतात, रोमचा हुकूम मानत नाहीत. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेत पेत्र बोलतो, पण "माझा निर्णय" असं म्हणतो याकोब.

खानापूरची लेक:
याकोब बोलतो तो पेत्राचाच दाखला देऊन. लूक २२ मराठीत नीट वाचा. सैतानाने 'तुम्हांला' चाळायला मागितलं, म्हणजे सगळ्यांना. पुढच्याच ओळीत येशू म्हणतो, मी 'तुझ्यासाठी' विनंती केली आहे, तू आपल्या भावांना स्थिर कर. सगळ्यांवर संकट आणि नेमणूक एकाची.

कॅम्पातला एक मेथडिस्ट:
त्याच रात्री पेत्र येशूला तीनदा नाकारणार होता, म्हणून ती विनंती. योहान २१ मध्ये येशूने त्याला 'माझ्यावर प्रीती करतोस काय' असं तीनदा विचारलं तेही त्यासाठीच. पडलेल्याला उभं केलं, गादी कुठं दिली? 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' हा फरक मात्र माझ्या नजरेतून सुटला होता. मामंजींना दाखवा.