१४ जानेवारी १७६१ रोजी खरोखरच मकरसंक्रांत होती का?

फळा-खडू:
नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मागील वर्षी १४ जानेवारीला मी ‘१७६१ : ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतची तिसरी लढाई’ असे रंगीत खडूने लिहिले. तेव्हा नववीतील एक मुलगी फळ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “बाई, २०२३ आणि २०२४ मध्ये आमच्याकडे संक्रांत १५ तारखेला होती. मग अडीचशे वर्षांपूर्वी ती बरोबर १४ लाच कशी?” मला उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले. त्याच तारखेला घडलेल्या इतर महत्त्वाच्या घटनाही फळ्यावर घेण्याचा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पंचांगवाचक:
ताई, आपल्या विद्यार्थिनीची शंका अगदी रास्त आहे. लढाईची तारीख बरोबर आहे. त्या दिवशी बुधवार होता आणि तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती, ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

आपली संक्रांत सूर्याच्या ताऱ्यांमधील स्थानावरून ठरते, तर इंग्रजी कॅलेंडर ऋतुचक्राशी बांधलेले आहे. या दोन वर्षमानांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे, आणि तो साठत जाऊन साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचा होतो. म्हणूनच संक्रांत इंग्रजी तारखांमध्ये हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस संक्रांतीचा होता, हे आपण वाचले असेलच. त्याहून शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते.

तारखेबाबत आणखी एक खुलासा करतो. इंग्लंडने १७५२ मध्ये नवी कालगणना स्वीकारली आणि त्या वर्षी तेथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. पानिपत त्यानंतरचे असल्याने त्याच्या तारखेत काही फेरफार करावा लागत नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मात्र जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने तो दिवस १ मार्च येतो. त्यामुळे ‘एकाच तारखेला घडलेल्या घटना’ एकत्र मांडताना तारीख कोणत्या गणनेतील आहे, हे आधी पाहावे लागते.

यमुनातीर:
वरील विवेचनाशी सहमत आहे. हा गैरसमज कोठून आला असावा, याविषयी माझे एक मत मांडतो. पानिपतच्या सुमारे एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. तो दिवस संक्रांतीचा होता असे परंपरेने सांगितले जाते आणि पंचांगवाचकांनी दिलेल्या हिशेबाशी ते जुळतेही. ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे उद्गार आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. त्यांमागचा दिवस मात्र विस्मरणात गेला आणि त्याची संक्रांत पानिपतला जाऊन चिकटली, असे मला वाटते. ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराने त्यात भरच घातली असेल. वास्तविक त्या वाक्प्रचाराला पानिपतचा आधार लागत नाही, कारण संक्रांत जिकडे जाते आणि पाहते तिकडे पीडा होते, ही समजूत पंचांगातील संक्रांतिफळातच आहे.

फळ्यावर जागा असेल तर सणापेक्षा उपासमारीविषयी लिहावे, ही विनंती. नोव्हेंबरपासून रसद तुटत गेली, माणसे आणि जनावरे अन्नावाचून झुरत होती, आणि अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून सैन्य त्या सकाळी छावणीबाहेर पडले. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

विद्यापीठ गेट:
बाई, इतर घटनांविषयी आपण विचारले आहे म्हणून लिहितो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्येच केला होता. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, आणि नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लोटली. माझे वडील दरवर्षी या दिवशी आम्हाला विद्यापीठाच्या गेटवर नेत असत. ते चपला बाजूला काढून कमानीच्या पायाशी डोके टेकवीत आणि मग आम्हा भावंडांच्या हातावर तिळगूळ ठेवीत. १९९४ मध्ये १४ जानेवारीला संक्रांतच होती.

आणखी एक नोंद घेता येईल. मद्रास राज्याचे ‘तामिळनाडू’ हे नाव १४ जानेवारी १९६९ रोजी, पोंगलच्या दिवशी, अमलात आले.

फळा-खडू:
सर्वांची मनापासून आभारी आहे. यंदा १० जानेवारीला दत्ताजी शिंदे यांच्यासाठी वेगळा फळा लिहीन. १४ जानेवारीच्या फळ्यावर पानिपतपुढे ‘बुधवार, पौष शुद्ध अष्टमी’ एवढेच लिहून त्याखाली १९६९ आणि १९९४ च्या नोंदी घेईन. ती मुलगी आता दहावीत आहे; फळा तिच्याच हस्ताक्षरात लिहून घेणार आहे.