शब्दचर्चा: 'एज-फ्रेंडली' घर, रॅम्प आणि ग्रॅब बार

संत्रानगरी: काटोल, उमरेड, सावनेरसारख्या गावांतले घरमालक आणि गवंडी यांच्यासाठी पत्रक तयार होतंय: घर 'एज-फ्रेंडली', म्हणजे कुठल्याही वयात वावरायला सोपं, कसं करावं. मथळा 'वयोस्नेही घर'. चालेल का? आणि रॅम्पला 'उतारमार्ग' लिहावं का?

शब्दवेल्हाळ: 'वयोस्नेही' नको. विसर्गाचा ओ होतो तो पुढे अ किंवा मृदू व्यंजन आलं तरच: वयोमान, वयोगट, वयोवृद्ध. पुढे स आला की विसर्ग राहतो, म्हणून मनःस्थिती बरोबर, मनोस्थिती चूक. 'वयःस्नेही' शुद्ध, पण जीभ अडखळते. 'वयोनुकूल' शुद्धही आणि सोपाही. 'ज्येष्ठस्नेही' रूढ होतोय खरा, पण ज्येष्ठ म्हटलं की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातली साठीची अट आठवते. लेकुरवाळी किंवा पाय मोडलेला तरुण त्यात बसत नाही.

ओळंबा: मथळा काहीही ठेवा हो, घोटाळा आत होतो. 'रॅम्प' म्हटलं की गवंडी दुचाकी चढवायचा उतार करून देतो, दीड फूट जोत्याला चार फूट लांबी. त्यावर चाकाची खुर्ची ढकलणारा स्वतःच मागे येतो. 'उतारमार्ग' कागदावरच राहील. साधं 'उतार' लिहा आणि त्याच ओळीत माप द्या: १ फूट उंचीला १२ फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला १८. अंगण अपुरं असेल तर काटकोनात वळवा. वळणावर ५ बाय ५ फूट सपाट जागा हवी. दारापुढेही तेवढीच, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची घरंगळते. वर घोटाई करू नका, पावसात पाय सटकतो. ओल्या सिमेंटवर खराटा आडवा ओढला की पुरे.

संत्रानगरी: आणि ग्रॅब बार, म्हणजे संडास-न्हाणीघरात धरून उठायची भिंतीवरची दांडी? 'पकडदांडी'?

ओळंबा: 'आधारदांडी'. 'हँडल' किंवा 'रॉड' लिहिलंत तर हार्डवेअरच्या दुकानातून टॉवेल रॉड येईल. तो दोन बारीक स्क्रूंवर असतो, माणसाचं वजन पडलं की प्लगसकट उपटतो. आधारदांडी सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड-दोन इंच सुटी. साडेचार इंची भिंतीत बोल्ट आरपार घालून मागून लोखंडी पट्टी द्या. टाइल पोकळ वाजत असेल तर ती आधी काढा. आणि संडासचं दार बाहेर उघडणारं हवं: आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

वऱ्हाडी ठेचा: बाहेरच्या कठड्याला उघडं स्टील नको. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की दुपारी त्याला हात लावून दाखवा. लाकडी मूठपट्टी घाला, नाहीतर वर छप्पर. शब्दाचं म्हणाल तर इकडे 'बुढ्या मानसाईसाठी' असंच म्हणतात, त्यात अपमान नसतो. छापताना मात्र 'म्हातारपणी सोयीचं घर' करा. प्रमाण मराठीत 'बुढा' टोचतो.

शब्दवेल्हाळ: हा मथळा माझ्या 'वयोनुकूल'पेक्षा बरा. तो शब्द नगरपरिषदेच्या आराखड्यासाठी ठेवा. रस्ते, बाकं, बसथांबे यांना तो शोभतो.

ओळंबा: एक राहिलं. 'उंबरठा काढा' असं छापू नका, हळदकुंकू वाहिलेला उंबरठा कोणी काढू देणार नाही. 'उंबरठा अर्ध्या इंचावर आणा, दोन्ही कडा उतरत्या घासून घ्या' असं लिहा.