मीटर बंद असलेला पेंटॅक्स के१००० आणि महाद्वार रोडवरील ऊन-सावली

करवीरकर:
नमस्कार. जुन्या बाजारातून घेतलेल्या माझ्या पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर बंद आहे. शटर पूर्णतः यांत्रिक असल्यामुळे ते बॅटरीवाचूनही चालते. ५० मि.मी.ची लेन्स आणि आयएसओ ४०० ची कृष्णधवल फिल्म घेऊन मी सकाळी कोल्हापुरात पापाची तिकटी ते महाद्वार या पट्ट्यात फिरतो. अडचण अशी, की उजेडाचा अंदाज घेऊन फोकस जुळवेपर्यंत समोरचा गजरेवाला पुढे निघून गेलेला असतो, आणि ज्यांचे लक्ष जाते ते फोटोसाठी ताठ उभे राहतात. जाणकारांनी आपली पद्धत सांगावी.

उनाड छायाचित्रकार:
फोकस प्रत्येक वेळी जुळवूच नये. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ वर आणि अंतर ३ मीटरवर ठेवल्यास आपल्या लेन्सला साधारण सव्वादोन ते सव्वाचार मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट मिळते, आणि त्या रस्त्यावर माणसे बहुतेक याच अंतरावर भेटतात. मग हाताशी फक्त शटरची चकती उरते : सावलीत १/२५०, कडक उन्हात १/१०००. हिशेबाने उन्हात एक स्टॉप जास्त, म्हणजे सुमारे दुप्पट प्रकाश जातो, पण निगेटिव्ह फिल्म तो सहज सोसते. कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. सकाळी पूर्वेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर असते, तेव्हा चकती २५० वरच ठेवून निघावे. लोक ताठ उभे राहतात ते आपण कॅमेरा फार वेळ डोळ्याला लावून ठेवतो म्हणून.

लाल माती:
तांत्रिक भाग मान्य आहे, परंतु न सांगता फोटो काढण्याला माझा विरोध आहे. रस्त्यावर एक वेळ चालून जाईल. तालमीत वस्तादांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढणे हा सरळ उद्धटपणा आहे. परवानगी मिळाली, की पहिल्या काही मिनिटांनंतर पैलवान आपल्याला विसरतात आणि खरे फोटो तेव्हाच मिळतात. आत उजेड फार कमी असतो, त्यामुळे फिल्म १६०० ला पुश करावी लागते, म्हणजे ती आयएसओ १६०० इतकी संवेदनशील मानून फोटो काढायचे आणि धुताना जास्त वेळ द्यायचा. मात्र पुश केल्याने सावलीतला हरवलेला तपशील परत येत नाही, फक्त कॉन्ट्रास्ट वाढतो. (अंबाबाई मंदिराच्या आत फोटो काढण्यास मनाई आहे, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे.)

अंधारखोली:
एक भर घालतो. फिल्म घरी धुणार असाल, तर एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी २० अंशांच्या बरेच वर असते. एचपी५ प्लस या आयएसओ ४०० च्या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात), एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना १३ मिनिटे लागतात. २४ अंशांना सुमारे ९ पुरतात. त्याहून गरम असल्यास डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी, आणि फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवावे, कारण एकदम फरक पडल्यास फिल्मच्या थराला जाळीदार सुरकुत्या पडू शकतात.