भाचा अमेरिकेत ‘लाइनमन’ आहे, कॉलेजवाले नेमकं काय बघतात?

नौपाड्याचा मामा
मंडळी, माझी बहीण डॅलसजवळ असते. भाचा सोळा वर्षांचा, सहा फूट तीन इंच, ११८ किलो. शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळतो (तो लंबगोल चेंडूचा फुटबॉल). कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल अशी आशा आहे. तीनशे पौंड झाल्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही असं ताईला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून खुराक चालू. जूनमध्ये ठाण्याला आला तेव्हा मामलेदारच्या दोन प्लेट मिसळ हाणल्या आणि तलावपाळीची अर्धी फेरी होते न होते तोच धापा टाकत बाकावर बसला. मला हे काही पटत नाही. पण मी आयुष्यभर कबड्डी बघणारा, मला काय कळणार?

ऐरोली नाइटशिफ्ट
मामा, अमेरिकन क्लायंटच्या कृपेने बारा वर्षं रात्रपाळी करतोय. सीझनमध्ये शनिवारी रात्री साडेनऊला पहिला सामना लावतो, शेवटचा संपतो तेव्हा घरी रविवारचे पोहे झालेले असतात. तेवढ्या अधिकारावर सांगतो, आधी ताईंचा तुपाचा डबा लपवा.

तीनशे पौंड म्हणजे १३६ किलो. ते लागतात, पण कॉलेजात गेल्यावर. तिथे आहारतज्ज्ञ असतात, व्यायामशाळा असते, आणि बऱ्याच पोरांना पहिलं वर्ष सामन्यांबाहेर ठेवून अंगच भरू देतात. रेडशर्ट म्हणतात त्याला. उंची आणि हातांची लांबी मात्र कुठला खुराक देत नाही, म्हणून ती आधी मोजतात. सहा-तीन उंची टॅकलसाठी (लाइनीच्या दोन टोकांना उभे राहणारे) जरा कमी पडेल, आतल्या गार्ड-सेंटरला चालते.

मग बघतात पाय. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला थांबला की लाइनमनला मागे सरकत सरकत अंगावर येणाऱ्याला रोखायचं असतं. पावलं छोटी, पायात पाय अडकता कामा नये, हात आतून थेट छातीवर. हात बाहेर जाऊन जर्सी धरली की होल्डिंग, दहा यार्ड मागे.

माझी चाचणी सोपी आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला उकिडवं बसवा, टाचा न उचलता. कमरेतून वाकणाऱ्या पोराला नुसतं बाजूला ओढलं तरी तो तोंडावर पडतो. गुडघ्यातून आणि खुब्यातून बसणारा टिकतो. तिकडे याला ‘बेंड’ म्हणतात आणि त्यासाठी कोच जीव टाकतात. आपल्याकडे आजी असंच बसून भाजी निवडते.

कळव्याचा माजी कोपरा
मामा, कबड्डीवाल्याला कळणार नाही तर कुणाला? पाच जणांची लाइन म्हणजे आपली साखळीच. एक जण अर्धा क्षण मागे राहिला की चढाईवाला तिथूनच निसटतो. तिथला डावा टॅकल उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ राखतो, कारण त्या बाजूचं त्याला दिसतच नाही.

पोराला थंडीत शाळेच्या कुस्तीत घाला. स्टीफन नील १९९९ मध्ये कुस्तीचा जगज्जेता झाला. कॉलेजात फुटबॉल एकदाही खेळला नव्हता, तरी पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला. कमरेचं बळ तालमीतच येतं, मिसळीने नाही.

नौपाड्याचा मामा
आज सकाळी बसवला. टाचा वर, एक हात सोफ्यावर, तोंड लाल. मागून ताई म्हणते, ‘अरे, बूट घट्ट असतील त्याचे.’ पोरगा अनवाणी होता.

ऐरोली नाइटशिफ्ट
😂 घोटे आखडलेत. टाचांखाली जाड पुस्तक ठेवून रोज पाच मिनिटं बसवा, मग हळूहळू पातळ पुस्तकावर आणा. दुखलं तर थांबवा आणि शाळेच्या ट्रेनरला दाखवा.

आणि हडलवर (शाळकरी खेळाडूंचे व्हिडिओ कॉलेजचे कोच जिथे बघतात ती साइट) व्हिडिओ टाकताना नुसते समोरच्याला आडवं पाडल्याचे तुकडे नकोत. त्याने मागे सरकून कुणाला चार सेकंद थोपवून धरलंय का? असेल तर ते पहिलं लावा. बघणाऱ्याच्या हाताखाली अशा शंभर पोरांचे व्हिडिओ असतात.

नौपाड्याचा मामा
ताईला कळवलं. कुस्तीला हो म्हणाली. तुपावर बोलणी चालू आहेत.